टिचबटण

आधी पट्टा बघू, म्हटलं.
जिनपाल चौगुल्यांनी सदरा वर केला.
रेक्झिनचा, पातळ, चकचकीत,
बकलावर कसलासा घोडा.
ह्याच्यावर पाऊण किलो लोखंड टांगता?
हसले. हुपरीचा माणूस, चांदीत वाढलेला,
वजन तोळ्यात सांगाल तर खरं मानणारा.

सुभाषनगरात माझं दुकान म्हणजे एक फळी,
रापी, आरी, चिंचेचा ठोकळा,
आणि लोकांच्या तोंडात एवढंच:
हौसाक्काकडं जा, ती चपलेबिगर पण कायबाय करती.

पिशवीतनं त्यांनी जुनं म्यान काढलं,
पुतण्यानं मागवलेलं, पोलादी क्लिपचं.
"पंगतीत मांडी घालून बसलो,
दिस मावळायच्या आत उरकायचं म्हणून घाई,
आन् ही सटकली.
पिस्तूल, म्यान, सगळं पत्रावळीशेजारी.
वाढपी पोरगं मठ्ठ्याची बादली धरून उभंच.
आता अख्ख्या गावाला ठाऊक हाय
मी सदऱ्याखाली काय लपवतो ते."

क्लिप हातात घेतली.
वाकण चांगली, पण जाड पट्ट्यासाठी केलेली.
ह्या पट्ट्यावर ती म्हणजे
गळाला मासा नुसता ओठानं लागलेला.
मग शिवलेला लूप करते, म्हटलं,
पट्टा ओवायचा, सुटायचं नाव नाही.

ते गप्प. मग हळूच:
"त्ये न्हाई जमायचं.
आई उंबऱ्याच्या आत चामडं येऊ देत न्हाई.
म्हणून तर पट्टा रेक्झिनचा.
दिसातनं सात-आठ वेळा काढायचं,
पडवीतल्या लोखंडी कपाटात ठेवायचं,
किल्ली करगोट्याला.
दर वेळी दारात पट्टा सोडत उभा राहू?
घरात सुना हायत."

उंबरा म्हटल्यावर मी काही बोलले नाही.
आमच्या आळीची उंबऱ्यांशी ओळख जुनी आहे.
चामड्याऐवजी कापडाचं? त्यांनीच विचारलं.
कापड तोंड मिटून घेतं, म्हटलं,
घाईच्या वेळी त्याची समजूत कोण काढणार?

रात्री कानवळी आठवली.
चपलेत ती दोन तळांच्या मध्ये दडून असते,
बाहेर नुसता कान.
सगळा ओढा तीच सोसते, दोरा फक्त साक्षीला.
म्यानाच्या दोन थरांत तशी जीभ घातली,
पट्ट्यावरून वळवून खाली आणली,
टोकाला टिचबटण, एकाच बाजूनं उघडणारं:
खालून उचललं तर सुटतं,
वरून, पुढून, मागून कितीही ओढा,
हूं नाही की चूं नाही.
अशा दोन जिभा, चार बोटांच्या अंतरानं.
एकीवर म्यान झुलतं,
आणि झुललं की मूठ सदऱ्यातनं नाक काढते.
पट्टा दिला दुहेरी निवारीचा.
घोडा त्यांनी खिशात टाकला, नातवाला म्हणाले.

पिस्तूल मी फळीवर येऊ दिलं नव्हतं.
सुतारानं सागाचं हुबेहूब करून दिलं,
त्यावर ओलं चामडं तीन दिवस आवळून ठेवलं.

निवडणूक लागली तसे परत आले.
हत्यार ठाण्यात जमा, पावती पाकिटात,
म्यान मात्र कमरेला, रिकामं.
"सवय हो. नसलं की एका अंगाला कलल्यागत होतंय.
तुमचं ते लाकडाचं द्याल का महिनाभर?"
खुंटीवरचं काढून दिलं.
त्यांनी आत सरकवलं, जिभा आवळल्या.
टिच. टिच.

मग आता पडवीत थांबायला नको, म्हटलं,
लाकूड तर आत चालतं.
त्यांनी म्यानावर तळहात ठेवला.
"आत हाय त्ये चालतंय, हौसाक्का.
भायेरचं न्हाई चालत."

पायरीवर वाकून त्यांनी चपला घातल्या,
माझ्याच हातच्या, दोन सालांपूर्वीच्या.
मी मान तिरकी करून बघितलं.
मूठ कुठं दिसली नाही.